मुंबईत लग्न ठरलंय? खर्च आणि ताण आटोक्यात ठेवण्यासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरच्या एका मंगल कार्यालयात बुकिंगच्या टेबलावर बसून मी रोज लग्नघरातल्या माणसांशी बोलते. तारीख विचारायला आलेली माणसं अर्ध्या तासात मन मोकळं करतात. बजेट, रुसवेफुगवे, पुण्याच्या आत्याला काय वाटेल, सगळं निघतं. त्यातले पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं लिहिताना गिरगाव, दादर, पार्ले, मुलुंड, बोरिवली, डोंबिवलीतली मध्यमवर्गीय मराठी घरं डोळ्यांसमोर होती. चालीरीती घरोघरी वेगळ्या, तेव्हा आपल्या घराला लागू पडेल तेवढं घ्या.

लग्न ठरलं. आता सगळ्यात आधी हॉल बघायला लागायचं का?

नाही. आधी माणसं मोजा. हॉल केवढा, ताटं किती, पत्रिका किती, गावाहून बस करावी लागेल का, हे सगळं त्या एका आकड्यावर ठरतं. बहुतेक घरांत उलटं होतं. चारशे माणसांचा हॉल मिळतोय म्हणून घेतात आणि मग तो रिकामा दिसायला नको म्हणून यादी वाढवत नेतात.

दोन्हीकडच्यांनी आपापल्या वहीत नावं लिहून काढावीत. ‘अमुक काका व कुटुंब’ असं लिहू नका. काका, काकू, दोन मुलं, सून, असं एकेक डोकं लिहा, कारण तशा एका ओळीत पाच-पाच माणसं लपतात. सगळी नावं झाली की प्रत्येक नावाशी थांबून स्वतःला विचारा, हे माणूस आलं नाही तर आपल्याला चुकल्यासारखं वाटेल का? वाटत असेल तर नाव राहू द्या, मग ते जवळच्या नात्यातलं असो की शेजारच्या चाळीतलं. वाटत नसेल तर त्या नावाचा विचार पुढे करू.

ही यादी पक्की होईपर्यंत कुठेही आगाऊ रक्कम भरू नका. आठ-पंधरा दिवस गेले तरी जाऊ द्यात.

बजेट कसं काढायचं? आम्ही सारखं ‘साधंच करायचं’ म्हणतो आणि आकडा वाढतच जातो.

‘साधं’ हा आकडा नव्हे, म्हणून वाढतो. दोन्ही घरांनी आणि मुला-मुलीने एकत्र बसून आपापल्याकडून किती रक्कम देता येईल ते स्पष्ट सांगायचं. त्यांची बेरीज म्हणजे तुमचं बजेट. त्यातली दहा टक्के रक्कम आधीच बाजूला काढायची आणि उरलेल्या रकमेत लग्न बसवायचं. शेवटच्या आठवड्यात रिक्षा-टेम्पो, जास्तीचे हार, वाढलेली ताटं, गुरुजींनी ऐन वेळी सांगितलेलं साहित्य असे खर्च निघतातच. ते त्या दहा टक्क्यांतून भागतात.

एक हिशेब करून बघा. समजा ताट ८०० रुपयांना ठरलं. ३०० माणसांचे झाले २,४०,०००. ‘आणखी पन्नासच तर आहेत’ म्हटलं की ४०,००० वाढले. त्या पन्नासांसाठी मोठा हॉल घ्यावा लागला तर भाड्यातला फरक वेगळा. याउलट फुलांच्या सजावटीत घासाघीस करून पाच हजार वाचवायला माणसं दिवसच्या दिवस घालवतात. वेळ यादीवर घालवा, पैसे तिथे वाचतात.

हिशेबाची वही एकच असावी आणि ती एकाच माणसाकडे असावी. गूगल शीट केलीत तर दोन्ही घरांना बघता येते. पण रक्कम लिहिणारा हात मात्र एकच असू द्या.

वडील म्हणतात, ‘आपण सगळ्यांकडे जेवून आलोय, आता बोलावलं नाही तर तोंड कसं दाखवायचं?’

या प्रश्नाला हसण्यावारी नेऊ नका. वडिलांच्या पिढीने हे संबंध खरोखरच जपलेले असतात. आजारपणात डबे आलेले असतात, गणपतीत हक्काने बोलावणं असतं, नोकरी लागायला कोणी तरी शब्द टाकलेला असतो. ‘बाबा, आता असं कोणी करत नाही’ म्हटलं तर ते दुखावतात आणि पुढचं बोलणंच खुंटतं.

माझ्या बघण्यात जे चालतं ते असं. वडिलांना आकडा द्या, नावं त्यांना ठरवू द्या. ‘बाबा, आपल्या बाजूची दीडशे माणसं. कोण ते तुम्ही आणि आईने ठरवा.’ अधिकार त्यांच्या हातात राहतो आणि मर्यादाही राहते. ऑफिसातले सगळे, सोसायटीतले सगळे, असे गट आले की वडील आपणहून म्हणतात, सोसायटीला नंतर पेढे देऊ.

जे यादीत बसले नाहीत त्यांच्यासाठी आपल्याकडे चांगल्या वाटा आहेत. केळवणाला त्यांच्या घरी जा. लग्नानंतर नव्या जोडप्याने जाऊन नमस्कार करावा, पेढ्यांचा पुडा द्यावा. सभागृहातल्या रांगेत उभं राहून अर्धा मिनिट हात मिळवण्यापेक्षा घरी येऊन चहा प्यालेलं जोडपं लोकांच्या जास्त लक्षात राहतं. फोन मात्र आई-वडिलांनी स्वतः करावा आणि स्वच्छ सांगावं, ‘लग्न घरच्या घरी करतोय, मुलांना घेऊन भेटायला येऊ.’ बातमी तिसऱ्याकडून कळली तरच राग येतो.

साध्या लग्नाला घरातली मोठी माणसं ‘आपल्यात असं नसतं’ म्हणतात.

आपल्यात असं फार आधीपासून आहे. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने पहिलं लग्न लावलं ते २५ डिसेंबर १८७३ रोजी, भटजींशिवाय आणि अगदी थोड्या खर्चात. सत्यशोधक पद्धतीने लग्नं आजही लागतात. बौद्ध पद्धतीत त्रिशरण-पंचशील आणि वधूवरांच्या प्रतिज्ञा होऊन लग्न थोडक्यात आणि फार सुंदर होतं. वैदिक पद्धत हवी आणि अर्थही समजायला हवा, असं वाटत असेल तर ज्ञानप्रबोधिनीच्या पोथीप्रमाणे मराठीत अर्थ सांगत विधी करणारे पुरोहित आहेत, त्यांत स्त्रियाही आहेत. असं लग्न मी पाहते तेव्हा मांडवातली माणसं गप्पा थांबवून ऐकत असतात.

मुहूर्ताला हॉल मिळत नाही. काय करायचं?

कालनिर्णयातले मुहूर्त सगळ्या मुंबईने वाचलेले असतात. आषाढी ते कार्तिकी एकादशी चातुर्मास, त्यात बहुतेक घरं लग्न करत नाहीत. तुळशीचं लग्न लागलं की गर्दी सुरू होते. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंतचा धनुर्मास बरीच घरं टाळतात. अधिक महिना आला की हंगाम आणखी आखडतो. २०२६ सालीच बघा, १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, म्हणजे सुट्टीचा ऐन महिना बाद. उरलेल्या थोड्या तारखांवर सगळे तुटून पडतात आणि त्या दिवसांचा भाव सगळेच वाढवतात, हॉलवाले, केटरर, बँडवाले, मेकअपवाल्यासुद्धा.

गुरुजींकडे एकच तारीख मागू नका, चार-पाच तारखा मागा. संध्याकाळचा गोरज मुहूर्त चालतो का विचारा. चातुर्मासातही गरजेपुरते मुहूर्त काढून देणारे गुरुजी आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये हॉल रिकामे असतात, भाड्यावर बोलता येतं. पावसाचं बघायचं तर स्टेशनजवळचा, तळमजल्यावरचा हॉल घ्या, आणि सखल भाग टाळा. हिंदमाता किंवा किंग्ज सर्कलला पाणी भरलं तर काय होतं हे मुंबईकराला सांगायला नको.

रविवारच बरा ना? सगळ्यांना सुट्टी असते.

सुट्टी असते आणि मेगाब्लॉकही असतो. मध्य आणि हार्बरवर रविवारी दिवसाचा मेगाब्लॉक, पश्चिम रेल्वेवर जम्बोब्लॉक, आणि त्याची वेळ साधारण तुमच्या मुहूर्ताचीच. मुहूर्त १२ वाजून १० मिनिटांचा आणि बदलापूरची मंडळी ११ वाजता कल्याणलाच खोळंबलेली, हे दृश्य आमच्याकडे नेहमीचं. ब्लॉकची बातमी दोन दिवस आधी येते. घरातल्या एका मुलाला ती बघायचं काम द्या आणि सगळ्यांना व्हॉट्सॲपवर कळवा.

मधल्या वारी हॉल बहुधा स्वस्त पडतो. संध्याकाळचं लग्न ठेवलं तर ऑफिसातली माणसं अर्ध्या दिवसाने येऊ शकतात. शनिवार हा मधला मार्ग, पण आता तोही रविवारइतकाच महाग होत चाललाय.

हॉल घेताना नेमकं काय विचारायचं?

मी टेबलाच्या या बाजूला बसते, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट, हॉल किती वाजता ताब्यात मिळेल आणि किती वाजता सोडायचा. मुंबईत बहुतेक हॉल सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन सत्रांत देतात. सकाळचं लग्न असेल तर आदल्या रात्री रुखवत मांडायला, सजावटीला दार उघडून मिळेल का आणि त्याचे पैसे किती, ते आत्ताच विचारा. तुमच्या पाठोपाठ दुसरं कार्य असेल तर विहिणींचं जेवण उरकेपर्यंत बाहेर सजावटवाले उभे राहतात आणि सगळ्यांचाच जीव टांगणीला लागतो.

मग केटरर आणि सजावटवाला हॉलचाच घ्यावा लागतो का, बाहेरचा आणला तर वेगळं शुल्क आहे का. भाडं कमी दिसणाऱ्या हॉलचा खरा खर्च इथे निघतो. किमान ताटांची अट असते तीही विचारा. दोनशे माणसं येणार आणि अट तीनशे ताटांची असेल तर शंभर ताटांचे पैसे फुकट जातात. वीज, एसी, जनरेटर, साफसफाई, खुर्च्या, माइक हे भाड्यात आहे की वेगळं? जीएसटी धरून सांगितलेला आकडा आहे की वरून लागणार? अनामत किती, ती किती दिवसांत परत मिळेल, कशासाठी कापली जाईल? तारीख बदलली किंवा लग्न मोडलं तर किती रक्कम परत? हा प्रश्न विचारायला अवघड वाटतो, तरी विचारा. आणि यातलं सगळं पावतीवर लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं सहा महिन्यांनी ना आम्हाला आठवत, ना तुम्हाला.

हॉल बघायला जाताना घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला घेऊन जा. आजी पायऱ्या चढू शकली का, लिफ्ट किती माणसांची, स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का, तिथे धरायला काही आहे का, हे तिच्याबरोबर चाललं की लगेच कळतं. शाळांची, ज्ञातिसंस्थांची आणि मंडळांची सभागृहं जरूर बघा. दिसायला साधी असतात, पण स्टेशनपासून चालत जाता येतं आणि हॉटेलच्या मानाने भाडं बरंच कमी असतं.

जेवणात कुठे हात आखडायचा आणि कुठे नाही?

चवीत आणि गरम वाढण्यात आखडू नका. पदार्थांच्या संख्येत आखडा. मसालेभात, पुरी, बटाट्याची भाजी, अळूचं फदफदं, कोशिंबीर, जिलबी, मठ्ठा एवढं नीट केलेलं जेवण लोक वर्षभर आठवतात. चायनीज, चाट, पास्ता, तीन गोड पदार्थ ठेवले तर लोक सगळं थोडं थोडं घेतात आणि अर्धं टाकतात. बुफेला ताटात जास्त उरतं. जागा असेल आणि वाढपी चांगले असतील तर पंगत बसवा. म्हातारी माणसं निवांत बसून जेवतात, आग्रह होतो, आणि वाया कमी जातं.

ताटं मोजणं हे फार महत्त्वाचं काम आहे आणि ते बहुतेक घरं विसरतात. गेल्या हंगामात एका मुलीच्या मावशी भटारखान्याच्या दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. जेवण सुरू व्हायच्या आधी त्यांनी केटररच्या माणसाला समोर उभं करून ताटांच्या पन्नास-पन्नासच्या चळती लावून घेतल्या, प्रत्येक चळतीचा आकडा डायरीत लिहिला आणि त्याची सही घेतली. पंगती उठल्यावर उरलेली ताटं तशीच मोजली. वजाबाकी दोघांसमोर झाली, बिलावर एका शब्दाचा वाद झाला नाही. मावशींना नंतर वेगळं ताट वाढून केटररनेच जेवायला बसवलं. हे काम मुलीच्या आईकडे देऊ नका. तिने मांडवात असायला हवं.

फोटोवाले, बँडवाले, मेकअपवाली, गाडीचे ड्रायव्हर यांचंही जेवण त्याच मोजणीत धरा. त्यांना वेळेवर जेवायला बसवा.

साखरपुडा, मेहंदी, संगीत, हळद, लग्न, रिसेप्शन. सगळं करायलाच हवं का?

नाही. प्रत्येक समारंभ म्हणजे नवा हॉल, नवे कपडे, नवा मेकअप, नवी ताटं. साखरपुडा घरी दोन्हीकडच्या वीस-पंचवीस माणसांत होतो. हळद सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा अंगणात होते. कमिटीची परवानगी मात्र आधी लेखी घ्या. सीमांतपूजन आदल्या रात्री न ठेवता लग्नाच्या सकाळी घेतलं की एका रात्रीचा हॉल आणि जेवण वाचतं.

लग्न आणि रिसेप्शन यांत दोन्ही मोठी करू नका. एक निवडा. माझं मत विचाराल तर लग्न मोठं असावं आणि रिसेप्शन टाळावं. मंगलाष्टकं, अंतरपाट, सप्तपदी, कानपिळी यांत सगळ्यांना काही ना काही करायला मिळतं. रिसेप्शनला दोघांनी तीन-तीन तास उभं राहून हसायचं आणि पाहुण्यांनी रांग लावायची.

मानपानाच्या साड्यांची यादी चाळीसवर गेली आहे. कशी थांबवायची?

बोलणी करतानाच थांबवायची. नंतर थांबवली तर ती दुसऱ्या घराला कंजुषी वाटते. मुलीच्या आईने मुलाच्या आईला एकदा फोन करून साधेपणाने म्हणावं, ‘ताई, तुमच्याकडच्या आजी आणि आत्याबाई सोडून बाकीच्यांचं मानपान दोन्ही बाजूंनी नको असं आम्हाला वाटतं. तुम्हाला कसं वाटतं?’ पलीकडूनही बहुतेक वेळा सुटकेचाच आवाज येतो. मानपानाच्या बऱ्याच साड्या कपाटातून कपाटात फिरत राहतात. पाच साड्या द्या, पण त्या माणसाची आवड बघून घेतलेल्या द्या.

लग्नाचा खर्च मुलीकडच्यांनी करायचा, असं मुलाकडचे गृहीत धरून आहेत.

इथे मी मऊ बोलणार नाही. खर्च अर्धा-अर्धा, किंवा ज्याची माणसं जास्त त्याचा वाटा जास्त, हेच न्यायाचं आहे. ‘आम्हाला काही नको, फक्त लग्न दणक्यात करून द्या’ हीसुद्धा मागणीच आहे. फ्लॅट, गाडी, सोनं यांची मागणी झाली तर तो हुंडा. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यात हुंडा देणं, घेणं आणि मागणं तिन्ही गुन्हे आहेत. मुलीने त्याच वेळी होणाऱ्या नवऱ्याशी बोलावं, आणि तो काय म्हणतो यापेक्षा आपल्या घरी जाऊन काय म्हणतो ते बघावं. हॉलची अनामत बुडाली तरी चालेल, पण ही गोष्ट ‘लग्नानंतर बघू’ म्हणून पुढे ढकलू नका.

दागिने आणि साड्या?

सोन्यावर हॉलमार्कबरोबर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असतो. १ एप्रिल २०२३ पासून तो सक्तीचा आहे. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकून दागिना तिथल्या तिथे तपासता येतो. घडणावळ दुकानागणिक बदलते, म्हणून झवेरी बाजार असो की तुमच्या स्टेशनजवळची पेढी, दोन-तीन ठिकाणी विचारा. जड घडणीचा हार वर्षातून एकदा घातला जातो आणि मोडताना घडणावळ परत मिळत नाही. मंगळसूत्र, बांगड्या, रोज वापरता येतील असे कानातले एवढं खरं घ्या. बाकी लग्नापुरतं मोत्यांचं किंवा साधं चालतं.

पैठणी घ्यायची असेल तर पदर उलटा करून बघा. हातमागावरच्या पैठणीचा पदर मागूनही जवळजवळ पुढच्यासारखाच दिसतो, सुटे धागे लोंबत नाहीत. पैसे आणि वेळ दोन्ही असतील तर येवल्याला जाऊन घ्या. हिंदमाता आणि दादर पश्चिमेला बाकीच्या साड्या होतात. शिवलेली नऊवारी भाड्यानेही मिळते. मामाने द्यायची पिवळी अष्टपुत्री साधी सुती किंवा हलकी सिल्कची घेतली तर नंतर सणाला नेसता येते.

आणखी एक. एकाच कार्यासाठी एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख रक्कम घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे. हॉलवाला, केटरर, सोनार कोणीही ‘सगळे रोख द्या, स्वस्त करतो’ म्हणाला तर नाही म्हणा. पुढे भांडण झालं तर हातात काहीच राहत नाही.

पत्रिका छापायच्या का?

पन्नास छापा. देवापुढे ठेवायला, आजी-आजोबांच्या पिढीला आणि नोंदणीच्या कागदपत्रांसाठी. गिरगावात खाडिलकर रोडवर पत्रिकांची दुकानंच दुकानं आहेत. बाकीच्यांना व्हॉट्सॲपवर पाठवा, पण सोबत फोन करा.

फोटो-व्हिडिओवर किती खर्च करावा?

एक चांगला फोटोवाला आणि एक व्हिडिओवाला पुरतो. त्याने आधी काढलेल्या एका लग्नाचे निवडक नव्हे तर सगळे फोटो बघा. मूळ फाइल्स मिळणार का, अल्बम किती दिवसांत, उशीर झाला तर काय, हे लिहून घ्या आणि शेवटचा हप्ता अल्बम हातात आल्यावरच द्या. प्री-वेडिंग शूट हवंच असेल तर सकाळी सातला बाणगंगा किंवा वरळी सी फेसला मित्राच्या कॅमेऱ्याने होतं. आजी-आजोबांबरोबर, मामांबरोबर कोणकोणते फोटो हवेत याची यादी आधीच द्या. ते फोटो राहून गेल्याची हळहळ मी फार ऐकते.

कर्ज काढावं का?

लग्नासाठी नको. पर्सनल लोनचा हप्ता संसाराच्या पहिल्या महिन्यापासून सुरू होतो आणि मुंबईत त्याच महिन्यापासून घरभाडं किंवा डिपॉझिटही असतं. आई-वडिलांच्या पीएफला हात लावू नका. तो त्यांच्या म्हातारपणाचा आहे. पैसे कमी पडत असतील तर यादीकडे परत जा.

आम्हाला रजिस्टर लग्न करायचंय. काय करावं लागतं?

१९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. मुंबई शहर आणि उपनगर हे दोन वेगळे जिल्हे आहेत, आणि नोटीस देण्याआधी दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेलं असलं पाहिजे. मुलाचं वय २१ आणि मुलीचं १८ पूर्ण हवं. नोटिशीनंतर ३० दिवस थांबायचं, कोणाचा वैध आक्षेप आला नाही की लग्न लावता येतं, पण नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत. तीन साक्षीदार लागतात. तारीख ठरवताना हे ३० दिवस धरा. पुष्कळ जोडपी हॉल आधी घेतात आणि नोटीस उशिरा देतात.

विधींनी लग्न करून मग नोंदणी करणं ही वेगळी गोष्ट. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे लग्न रूढीप्रमाणे विधी होऊन लागावं लागतं, आणि जिथे सप्तपदी हा विधीचा भाग आहे तिथे सातवं पाऊल टाकल्यावर ते पूर्ण होतं. विधीच न करता नुसतं प्रमाणपत्र घेतलं तर लग्न झालं असं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. व्हिसासाठी घाईने कागद करून घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

घरच्यांना विधी हवेत आणि तुम्हाला नकोत, असं असेल तर नोंदणी पद्धतीने लग्न करून त्याच दिवशी जवळच्या साठ-सत्तर माणसांचं जेवण ठेवा. आईला हळद लावायची हौस असेल तर लावू द्या. त्याला खर्च नाही.

आहेर घ्यावा की नाही?

‘कृपया आहेर आणू नये’ लिहायचं असेल तर मनापासून लिहा आणि मग पाकिटंही घेऊ नका. घ्यायचा असेल तर संकोच नको, जवळच्यांना गरज सांगा. मिक्सर चार येण्यापेक्षा मावश्यांनी मिळून एक वॉशिंग मशीन दिलेलं बरं. पाकिटं सांभाळायला एक विश्वासू माणूस आणि एक कुलपाची पिशवी ठेवा. हॉलमध्ये चोऱ्या होतात, चांगले कपडे घालून आलेल्या अनोळखी माणसांकडूनच होतात.

वरात, डीजे?

खुल्या जागेत रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी आहे. वरात काढायची तर संध्याकाळी, सनई-चौघडा किंवा बेंजोवर, आणि पोलिस परवानगी काढून.

सगळं ठरवूनही घरात भांडणं होतात. मुलगी रडकुंडीला आली आहे.

तिच्या हातातला फोन काढून घ्या. नवरीला शेवटच्या आठवड्यात फुलवाला, टेम्पोवाला, ब्यूटिशियन, गावचे पाहुणे सगळे तिच्याच नंबरवर फोन करत असतात. प्रत्येक कामाला एक माणूस नेमा आणि पत्ते-नंबर त्याच्या नावाने द्या. गाड्या मामाकडे, गुरुजी आणि पूजेचं साहित्य काकूकडे, ताटं मावशीकडे, पैसे भावाकडे. निर्णय घेणारी माणसं दोनच, प्रत्येक घरातून एक. बाकीच्यांनी सुचवायचं.

भांडणाचं मूळ बहुतेक वेळा लग्नात नसतं. आईला मुलगी जाणार याचं वाईट वाटत असतं आणि वाद रांगोळीच्या रंगावरून होतो. अशा वेळी मुलीने आईबरोबर एखादी संध्याकाळ काढावी, लग्नाचा विषय न काढता. शिवाजी पार्कला एक फेरी मारली तरी पुरे.

लग्नाच्या सकाळी नवरा-नवरीला पोटभर खायला द्या. उपासाची पद्धत असेल तर दूध, फळं तरी. होमाच्या धुरात, शालू आणि दागिन्यांच्या ओझ्याखाली रिकाम्या पोटी चक्कर आलेली नवरी मी दर हंगामात बघते.

उरलेल्या अन्नाचं काय करायचं?

रोटी बँक, रॉबिन हूड आर्मी यांच्यासारख्या संस्थांचे स्वयंसेवक मुंबईत अन्न गोळा करतात. त्यांना ऐन वेळी नव्हे, दोन दिवस आधी कळवा. ताटात उष्टं झालेलं कोणी घेणार नाही, भांड्यात राहिलेलं आणि तासा-दोन तासांत हलवता येईल असंच अन्न द्या. अक्षतांना मूठभर तांदूळ पुरतात. त्याऐवजी फुलांच्या पाकळ्या दिल्या तरी चालतात. दादरच्या फूल मंडईत पहाटे गेलात तर सुटी फुलं स्वस्त मिळतात.

लग्न झालं. लगेच काय उरकायचं?

त्याच दिवशी हॉल सोडण्याआधी व्यवस्थापकाबरोबर एक फेरी मारा, काही मोडलं-फुटलं असेल तर समोरासमोर लिहा आणि अनामतीची पावती मागा. रुखवतातल्या वस्तू, भाड्याने आणलेली भांडी, गुरुजींचे चौरंग-पाट मोजून घ्या. उरलेली बिलं आठवड्याच्या आत भागवा.

विधींनी लग्न झालं असेल तर ९० दिवसांच्या आत राहत्या विभागाच्या महापालिका कार्यालयात नोंदणी करा. त्यानंतरही होते, पण विलंब शुल्क लागतं. दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, लग्नाचा फोटो, पत्रिका, तीन साक्षीदार आणि गुरुजींची सही लागते. गुरुजींची सही मांडवातच, दक्षिणा देताना अर्जावर घेऊन ठेवा. हंगामात ते पुन्हा सापडायला महिना जातो.